तोंड संस्थानात, पोट खालशात

आमच्या गावात कोळशाची खाण कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळं खाणीवर बोलायला कुणालाच अडचण पडली नाही. पाहिलेल्या गोष्टीवर माणूस जपून बोलतो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं, म्हणून सांगलीहून येणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या धगीवर चालायची. तिच्या पाठीला बंब बांधलेला होता. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. एकदा एक म्हातारी कंटाळून चालत निघाली आणि आम्ही मोटारीतनं गावात पोचलो तेव्हा तिच्या भाकरी थापून झाल्या होत्या. खोटं सांगत असेन तर त्याच मोटारीखाली सापडेन, म्हणजे मरायची भीती नाही. त्या मोटारीनं वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं आणि मी ते शिंप्याच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायचो. सातवीची फायनल पास झालेला आणि तरी कुठं न चिकटलेला असा गावात मी एकटाच. आईबाप लहानपणीच गेलेले, राहायचो मामाकडं.

एका दुपारी मी वाचलं. दूर पूर्वेकडं एका कोळशाच्या खाणीत भडका उडाला, माणसं खाली अडकली आणि आग विझावी म्हणून कंपनीनं खाणीचं तोंडच बुजवून टाकलं. कंपनी म्हणते चूक मुकादमाची. मुकादम म्हणतो मजुराच्या विडीची. मजुराला विचारावं तर तो वर आलेलाच नाही.

शिंप्यानं मशीन थांबवलं. "जमिनीतनं कोळसा? आरं, जमिनीत लाकडं जाळली कुणी?"

कोळसा म्हणजे लाकडाचा, एवढंच आम्हांला ठाऊक. मोटारीत घालतात तोही तसलाच. बराच खल झाला. शेवटी मामानं निकाल दिला, "देवाचं पेव हाय ते. देवानं भरून ठिवलंय, कंपनी काढून इकती."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पेव आमच्या ओळखीचं. जमिनीत मडक्याच्या आकाराचा खड्डा खणायचा, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट हत्ती बसेल एवढं. त्यात हळद भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. फक्त पेव उघडलं की आतला कोंडलेला वारा विषारी असतो. तोंड दिवसभर उघडं टाकायचं, मग कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझतो.

"तर तोंड बंद केलं हे बेस केलं," मामा म्हणाला. "वाऱ्यानं आग वाढती. माल तरी वाचला."

"माल?" हवालदार ओरडला. "अन् माणसं रं?"

हवालदार मूळचा साताऱ्याकडचा, आमच्या गावात घरजावई. पहिल्या लढाईत तो विलायतेकडं बोगदे खणून आलेला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती आणि ती दर वेळी वेगळ्या लढाईत जायची. मी हिशेब केला तर एकंदर अठरा बोटं गेली होती. मामा आणि तो शेजारी, एका ताटात जेवणारे. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं गावानं ऐकलं नव्हतं. मामा म्हणाला आज अमावस्या, तर हवालदार आभाळात चंद्र दाखवायचा.

"माणसांनी बघून उतरावं," मामा म्हणाला. "दिवा न सोडता उतरतो तो माणूस न्हवं, नारळ."

"नारळ तर नारळ. वर काढायचा का न्हाई त्याला? आदी माणूस, मग माल. तोंड उघडं पायजे."

"बंद पायजे!"

मग वादाचं असं पेव फुटलं की शिंप्यानं त्या भरात एका सदऱ्याला तीन बाह्या जोडल्या.

मी मध्येच वर्तमानपत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं, "या दुर्घटनेस जबाबदार कोण?"

निम्मा ओटा रिकामा झाला. आमच्याकडं जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. कुठं काही झालं की जो पहिला धावतो, जो पहिला हात लावतो, त्याला चावडीवर बसवायचे. ऐन सुगीत त्याचे हेलपाटे व्हायचे. गावाला तर हे दुखणं दुहेरी. गावाच्या मधोमध हद्द गेलेली, अलीकडं संस्थान, पलीकडं इंग्रजांचा खालसा मुलुख. दोन पाटील, दोन फौजदार, म्हणजे जबाबही दोन. त्यामुळं आमच्याकडं विहिरीत बकरी पडली तरी लोक आधी डोळे मिटायचे आणि मग विचारायचे, "काय वाजलं रं?"

आणि मामाच्या परसातलं पेव नेमकं हद्दीवर. पेवाचं तोंड संस्थानात होतं, पोट खालशात.

पुढच्या आठवड्यात सांगलीच्या पेठेतून हळदीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला, उद्या माल बघायला येतो. मामानं सकाळी पेव उघडलं आणि न्याहारी करून लगेच कमरेला दोर बांधला.

"मामा, दिवा?" मी म्हणालो.

"कशानं पेटवू? रॉकेल कुठाय?" ते खरं होतं. रॉकेल तेव्हा तुपापेक्षा जपून वापरायचे. "आन् मी काय खाणीतला मजूर हाय व्हय? माझं पेव हाय. वळखतंय मला."

पेवानं ओळखलं की नाही ठाऊक नाही. दोरानं मात्र ओळखलं नाही. मामा असा काही भरलेला गडी, की बैलगाडीत बसला तर बैल मागं वळून बघायचे. अर्ध्यात दोर तुटला आणि खालून असा धप्प आवाज आला, की कृष्णेपलीकडं गाई उधळल्या असं नंतर कुणीतरी सांगितलं. कुणी म्हणजे मीच.

"मामा!"

"हाय हाय!" खालून आवाज आला. "हळदीवर बसलोय. दुसरा दोर टाक. चांगला बघून टाक, गाढवा!"

मी ओरडलो तसं गाव जमलं. मामी धावत आली. पण पेवाभोवती येऊन सगळे चार हात लांब उभे राहिले, जणू पेव चावतं. दोर घरोघरी होते. आणायला कुणी हलेना.

"पयला दोर कुणी टाकायचा?" शिंपी म्हणाला. "काय इपरीत झालं तर फौजदार म्हनंल, दोर तुझा."

"माणूस पडला कुठं?" संस्थानातला पाटील म्हणाला. "तोंडात. पर आता हाय कुठं? पोटात. म्हंजे खालशात."

"आत शिरला कुठनं?" खालशातला पाटील म्हणाला. "तुमच्याकडनं. आमच्यात इनापरवाना आलाय त्यो. उलट आमीच जबाब घेऊ."

"आरं भाड्यांनो!" मामा खालून गरजला. "मी दोनी राज्यात शेतसारा भरतो!"

हवालदार तेवढा मोटेचा नाडा, म्हणजे जाडजूड दोर, घ्यायला मळ्याकडं गेला होता. तेवढ्यात तो नाडा खांद्यावर टाकून आला आणि पेवात वाकला. खरं तर त्यानं तो लगेच आत सोडायला हवा होता. पण आयुष्यात असली संधी एकदाच येते.

"काय रं गड्या, कसं हाय?"

"घाम फुटलाय. नाडा टाक."

"टाकतो की. पर उघड्या पेवात वारा शिरला तर हळद खराब हुईल. तोंड बंद करायचं का? माल तरी वाचंल!"

लोक फिदीफिदी हसले. मीही हसलो. खालून मामानं हवालदाराच्या सात पिढ्या उभ्या करून एकेकीचा समाचार घ्यायला सुरुवात केली. चौथ्या पिढीपर्यंत आवाज खणखणीत होता. पाचव्या पिढीला मामा थांबून दम खाऊ लागला. सहावीला नुसतंच "तुझ्या..." आलं आणि पुढं काही नाही.

मग खालून अगदी मऊ आवाज आला, "गड्या... तू म्हणतोस ते बरोबर हाय. तोंड उघडंच पायजे."



मामीनं कपाळावर हात मारून घेतला. "आवं, गेलं की हो! मान्य केलं त्यांनी! बरोबर हाय म्हणालं! आता कुठलं ऱ्हात्यात!"

कंदील नव्हता, मामाचं तोंड हाच आमचा कंदील. तो विझत आला होता.  मामी पदर खोचून दोन्ही पाटलांसमोर उभी राहिली. "जबाब लागतोय न्हवं? माझा घ्या. लगीन झाल्यापासनं ह्यांच्यापायी मीच जबाब देतीया साऱ्या गावाला. नाडा धरा, न्हाईतर एकेकाला आत ढकलती आन् त्याचाबी जबाब मीच देती!"

मी कडुलिंबाची मोठी डहाळी दोराला बांधून पेवात सोडली आणि ताक घुसळावं तशी वरखाली करायला लागलो, वारा हलावा म्हणून. हवालदारानं ओलं उपरणं नाकातोंडाला बांधलं, नाडा कमरेला आवळला.

"त्यानं शुद्धीत कबूल केलेलं न्हाई," तो उपरण्यातनं म्हणाला. "असलं कबूल मला नको. आन् हा गेला तर मी भांडू कुणाशी? तुमाला येतंय व्हय भांडता?" आणि उतरला.

खालून नाड्याला हिसका बसला. आम्ही ओढायला लागलो. आता संस्थानही ओढत होतं, खालसाही ओढत होता. मामाचं डोकं बाहेर आलं, खांदे आले आणि पोटाशी येऊन गाडी अडली. कमरेच्या वर संस्थान, कमरेखाली खालसा. मामीनं शेंडी धरली, मी काखेत हात घातले, आणि बाटलीचं बूच निघावं तसा मामा बाहेर आला. हळदीनं पिवळाजर्द, डोळे मिटलेले. मामीनं तोंडावर घागरभर पाणी ओतलं, थोबाडीत दोन ठेवून दिल्या. एक शुद्धीवर आणायला होती, दुसरी जुनी होती.

मामानं डोळे उघडले आणि गाव आनंदानं नाचायला लागलं. सगळे नाचत असतानाच खालून बारीक आवाज आला, "आरं... मी हाय की रं हितं!"

आपल्या कमरेचा नाडा मामाला बांधून हवालदार खालीच राहिला होता. त्याला ओढून वर घेतला तेव्हा तो ओकला, धापा टाकत मामाजवळ सरकला आणि म्हणाला, "आता म्हण. समद्यांदेखत म्हण. तोंड उघडं पायजे का बंद?"

मामा क्षीण आवाजात म्हणाला, "मी काय म्हणालो? कवा? मला न्हाई आठवत."

"आरं, पंचवीस माणसांनी ऐकलं!"

"मग त्यांचा जबाब घे."

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. दुसऱ्या दिवशी दोन्ही फौजदार आले. पेवाच्या दोन अंगांना दोन खुर्च्या मांडल्या. एकेकाला बोलावलं. शिंपी म्हणाला मी लग्नाला गेलो होतो. खालशातल्या पाटलाला ऐकू येईना, संस्थानातल्याला दिसेना. सगळ्यांचे जबाब एकत्र केले तर त्या दिवशी गावात कुणी नव्हतंच. मामा आपला आपण पडला आणि आपला आपण निघाला. एक फौजदार म्हणाला हे तोंडाचं प्रकरण आहे, दुसरा म्हणाला पोटाचं, आणि दोघं मामीच्या हातचं जेवून आपापल्या राज्यात गेले. खाणीचं पुढं काय झालं ते वर्तमानपत्रात मी महिनाभर शोधलं. ते तोंड पुन्हा उघडल्याची बातमी काही आली नाही.

मामानं त्यानंतर आणखी बरीच वर्षं हळद केली. पेव उघडायचं झालं की पहाटेच दगड बाजूला करायचा, डहाळी हलवायचा आणि शेजारी घोंगडं टाकून दिवस मावळेपर्यंत बसून राहायचा. कुणी गडी नुसता वाकून बघायला गेला तरी काठी उगारायचा. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी बोंब मारली तरी ऐकायचा नाही.

हवालदार समोर येऊन बसायचा. "का रं, एवढा वेळ तोंड उघडं? माणसांपायी न्हवं?"

"माणसांपायी कशाला? हळदीला वारा लागावा म्हणून."

"हळदीला वारा? आरं, हळद वाऱ्यानं नासती!"

"तू तिकडं बोगदं खणीत व्हतास. तुला हळदीतलं काय कळतंय?" मामा म्हणायचा आणि घोंगड्यावर त्याला बसायला जागा करून द्यायचा.