कंसातला खड्डा

आमच्या हिच्या आगाशीच्या मामांइतके अपमान हसत गिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाजारात कोणी त्यांच्या केळ्यांना नावं ठेवली, देवळात कोणी त्यांचा टाळ चुकला म्हटलं, तरी मामा खुशाल असत. पाण्याला मात्र कोणी वेडंवाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. हे मला कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला. वाडीत पंगत बसली होती, केळींच्या पलीकडे हिरवट पाणी चमकत होतं, आणि सासरच्या मंडळींवर छाप पाडावी म्हणून मी म्हणालो, "मामा, हे डबकं बुजवलंत ना, तर गाडी ठेवायला फर्स्टक्लास जागा होईल." गाडी मामांकडे नव्हती, माझ्याकडे नव्हती, आणि दोन्ही घराण्यांत कोणाकडे येण्याची लक्षणंही नव्हती. मामांचा हात वरणभातावर थांबला. "पाहुण्यांना पाणी द्या गं. विहिरीचं," ते मामींना म्हणाले. मी प्यालो. "गोड आहे?" मी मान हलवली. "ते त्या डबक्यामुळे." बस, विषय संपला. पण त्या दिवसापासून बाजारात, बसमध्ये, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याला मामांनी माझी ओळख करून दिली ती अशीच, "हे आमचे डबकेवाले भाचेजावई."

त्या पाण्याचं खरं नाव बावखल. वसईकडच्या वाड्यांमध्ये जुन्या लोकांनी खणून ठेवलेली ही तळी. पावसाचं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्र इतका जवळ टपून बसलेला असूनही आसपासच्या विहिरी गोड राहतात. मामांच्या वाडीतलं बावखल त्यांचं स्वतःचं, पण त्यांचा जीव खरा जडला होता तो बसच्या वळणावरच्या सार्वजनिक बावखलावर. सकाळी उठून ते आधी तिथे जात आणि "काय, झोप झाली का?" असं विचारत. मामींना हा प्रश्न चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही विचारला गेला नसल्याचं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मामांच्या हातात बारमाही छत्री असे. ती कधी उघडलेली कोणी पाहिली नाही, पावसातसुद्धा. छत्री ही दाखवायला, ढोसायला आणि मुद्दा संपवायला असते, असं त्यांचं मत होतं. कानांनी त्यांना थोडं कमी ऐकू येई, पण कुठलं थोडं, हे तेच ठरवत.

आणि अशा या माणसाच्या कानावर एके दिवशी बातमी आली की वळणावरचं बावखल बुजवणार. तिथे बस वळवायला जागा करायची होती. बस सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे गावात कोणी हूं की चूं केलं नाही. ज्येष्ठ नागरिक मंडळ होतं, पण त्याचं कार्य म्हणजे वाढदिवसाला नारळ देणं आणि उरलेल्या दिवशी कोणाला नारळ द्यायचा राहिला यावरून भांडणं. त्यातल्या निम्म्यांचे गुडघे देवळाच्या पायऱ्यांनाही राजी नव्हते, तर दोन बस बदलून सरकारी ऑफिसात कोण जाणार?

नेमकी त्याच सुमारास मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टची जीप गावात आली. जीपमधून उतरलेल्या ताईंनी समजावलं की वयस्कर माणसांनी आपल्या गावासाठी बोलावं, म्हणून ट्रस्ट मदत देतो. मामांना संशय आला. "बोलायचे पैसे? बाई, मी तोंड बंद ठेवावं म्हणून द्यायला आमच्याकडे अर्धं गाव तयार आहे." काय हवं, असं ताईंनी विचारल्यावर कोणी सतरंजी म्हणालं, कोणी कॅरम. एक आजोबा हळूच "अष्टविनायक" म्हणाले. मामांनी छत्री आपटली. "आम्हाला रिक्षा द्या, ऑफिसात जायला. आणि एक भोंगा द्या. आमचे कान गेलेत ते चालेल, ऐकू त्यांना येत नाही."

ट्रस्टने दोन्ही दिलं, आणि वर साहेबासमोर कसं बोलावं याचं शिबिरही दिलं. देवळाच्या मंडपात ताईंनी सोंगं वाटली. एकाने साहेब व्हायचं, बाकीच्यांनी गाऱ्हाणं मांडायचं. मामा साहेब झाले आणि तिथेच घोटाळा झाला, कारण त्यांना ते काम भलतंच जमलं. बाजारात बोंबील विकणाऱ्या आजी पुढे झाल्या. "सायेब, आमचं गोडं पानी..."

"जेवणाची वेळ आहे. उद्या या."

"आनि उद्या मी मेले तं?"

"वारसाला पाठवा."

"मेल्या, तुझ्या ताटात बोंबील परत पडला तं नावाची नाय मी!"

ताईंनी हसून हसून डोळे पुसले. मामा तासभर खुर्चीतून उठले नाहीत, आलेल्या प्रत्येकाला त्यांनी परत पाठवलं. उतरल्यावर मला म्हणाले, "भाचेजावई, नाही म्हणायला डोकं लागत नाही हो. खुर्चीच म्हणते. आपण साहेबाला खुर्चीवरून उठवलं पाहिजे."

मग रिक्षाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर सोमवारी चार म्हातारे, मध्ये भोंगा, बाहेर डोकावणारी छत्री. ऑफिसातले खरे साहेब देशावरून बदलून आलेले, भले गृहस्थ होते, पण अडले होते एका शब्दावर. "आजोबा, कागदावर 'पडीक खड्डा' लिहिलंय. लोक खड्डे बुजवा म्हणून माझ्या डोक्यावर बसतात, आणि तुम्ही बुजवू नका म्हणता?"

"बावखल म्हणा."

"हा शब्दच नाही आमच्याकडे."

"शब्द नाही ना? मग या, आम्ही दाखवतो." हे वाक्य मामा सलग इतके सोमवार म्हणाले की शेवटी साहेब खुर्चीवरून उठले.

ते आले ऐन मे महिन्यात. वळणावर सगळं मंडळ हजर. मी शिकलेला, शर्ट पँटमध्ये खोचणारा, तेव्हा चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे येईल अशी माझी समजूत होती. मामा म्हणाले, "तुम्ही फक्त भोंगा धरा. तोंड उघडू नका." मी भोंगा छातीशी धरून उभा राहिलो. साहेब काठावर गेले, खाली वाकले, सगळे श्वास रोखून बघत राहिले, आणि मी शेजारी उभ्या असलेल्या हिच्या कानात कुजबुजलो, "डबक्यात पाणी कमीच दिसतंय गं यंदा."

अंगठा भोंग्याच्या बटणावर होता. 'डबक्यात' हा शब्द केळींवरून गेला, देवळावर आपटला आणि परत आला. बाजारातली कुत्री भुंकू लागली.

साहेब वळले. "बघा आजोबा. तुमची घरची माणसंसुद्धा डबकंच म्हणतात."

एवढे सोमवार, एवढ्या फेऱ्या, आणि सगळं माझ्या एका अंगठ्याखाली. हिने माझ्याकडे असं पाहिलं की त्या क्षणी त्या पाण्यात उतरावंसं वाटलं, पण ते खरोखरच कमी होतं. मामांनी मात्र पापणीही हलवली नाही. छत्री माझ्या दिशेने रोखून ते म्हणाले, "साहेब, हे आमचे डबकेवाले भाचेजावई. मुंबईचे. बारा वर्षं या पाण्याचा चहा पितात, अजून त्याचं नाव शिकले नाहीत. तुम्ही तर परवा बदलून आलात. तुम्हाला काय म्हणून बोल लावायचा?"

साहेबांना हसू फुटलं. तेवढ्यात बोंबीलवाल्या आजींनी शेजारच्या विहिरीतून काढलेला तांब्या पुढे केला. "पिऊन बघा. मंग बुजवा." साहेब प्याले. समुद्राकडे बघितलं. पुन्हा तांब्या मागितला. वचन काही त्यांनी दिलं नाही, फक्त खिशातून पेन काढून विचारलं, "बावखल. शेवटी ल की ळ?"

बसचं वळण पुढच्या पडीक जागेत गेलं. मंडळाची रिक्षा पुढे नालासोपाऱ्याच्या म्हाताऱ्यांना गटारासाठी ऑफिसात नेऊ लागली, आणि साहेबाचं सोंग शिकवायला मामा जूचंद्रपर्यंत जाऊन आले. वळणावर पाटी लागली, 'सार्वजनिक बावखल', आणि ऑफिस ते ऑफिसच, खाली कंसात बारीक अक्षरांत 'खड्डा'. मामा रोज सकाळी तिथे बसताना छत्री पाटीला अशी अडकवत की तो कंस बरोबर झाकला जाई.

मामा गेल्यावर मामींनी ती छत्री मला दिली. परवा रविवारी आम्ही दोघं वळणावर गेलो. मी छत्री कंसावर अडकवली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणालो, "यंदा बावखल छान भरलंय."

हिने छत्रीची मूठ जरा सारखी केली. मग म्हणाली, "एकदा डबकं म्हणा ना हो. बघू, कुठून ओरडतात का."