एका खुर्चीचं विमान

पन्नाशी उलटली, टाळूवर चंद्र उगवला, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला गेला, पण धाकट्याचं धाकटेपण काही गेलं नाही. धंदा कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत खिडकीलगत लांब टेबल, त्यावर मेणाचे तुकडे, स्पिरिटचा दिवा, गुलाबी हिरड्या, आणि वरच्या फळीवर गावातल्या निम्म्या तोंडांचे प्लास्टरचे साचे. दादाचंही तोंड तिथंच होतं, समोरचा एक दात किंचित आडवा. स्वयंपाकघरातून ते नेमकं दिसायचं.

"भाऊजी, तेवढं भिंतीकडं वळवून ठेवा," वहिनी म्हणायची. "जेवताना माझ्याकडं बघून हसतात."

धाकटा वळवायचा. सकाळी बघावं तर दात पुन्हा खोलीकडं. त्या खोलीत जाणारा-येणारा तोच एकटा, तेव्हा दोष तरी कुणाला द्यायचा?

दोघा भावांनी मिळून एक जुनं विमान घेतलं होतं. दोनच खुर्च्या, शेजारीशेजारी. खांद्याला खांदा घासायचा, आणि दादा भरपेट जेवून आला की धाकट्याला खिडकी उघडी ठेवावी लागायची. दर रविवारी सरोवर ओलांडून पलीकडच्या दवाखान्यांत कवळ्यांचा डबा पोचवायचा आणि परत यायचं. दोघांच्याही गुडघ्यांमध्ये एकेक दांडा, विमान वळवायचं ते त्यानंच. दोन्ही दांडे आतून जोडलेले. म्हणून दादाचा नियम होता : दांडा दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यानं म्हणायचं "घे", दुसऱ्यानं म्हणायचं "घेतलं", आणि ते कानांनी ऐकल्याशिवाय बोट सोडायचं नाही.

"दोघंही 'त्यानं धरलाय' म्हणून गप्प बसले, की झालं कल्याण," दादा म्हणायचा.

त्या सकाळी सरोवराच्या मध्यावर धाकट्यानं थर्मास काढला आणि म्हटलं, "घे." दादा म्हणाला, "घेतलं." धाकट्यानं चहा ओतला, फुंकर घातली, कवळी घालून शिंकलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. दादा हसला नाही. विमानाचं नाक हळूहळू पाण्याकडं झुकायला लागलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "झोपलास की काय रे?" दादाचा हात दांड्यावरच होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. धाकट्यानं विमान खाली कसं आणलं ते त्याला आठवत नाही. डोक्यात बसलं ते एवढंच, की दादानं विमान परत दिलंच नाही. तो "घे" म्हणालाच नाही.

पुढं तो एकटा उडायला लागला. रिकाम्या खुर्चीचा पट्टा आवळून बांधायचा असतो, नाहीतर लोंबून दांड्यात अडकतो. हा बांधायचा, पण दादाच्या पोटाच्या मापानं. आणि चहा काढताना सवयीनं म्हणायचा, "घे." उजवीकडून यायचं, "घेतलं." अगदी दादाचंच, जरा नाकातलं. हा खुशाल हात सोडायचा. शांत हवेत विमान आपलं आपण सरळ जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! तरीपण.

मग एकदा उतरताना घात झाला. जमीन अगदी हाताशी आलेली, बाजूनं वारा, आणि त्याच्या तोंडून गेलं, "घे." आलं, "घेतलं." हात सुटला. पंख कलला, चाक आपटलं, विमान फरफटत गवतात शिरलं. धाकट्याला साधं खरचटलंही नाही, पण लाकडी पंखाचा कणा तडकला. विमानांच्या शेडमधला मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "याची आता टेबलं करा."

वहिनीपासून लपवलं असतं तर त्याला घास गिळवला नसता. त्यानं सगळं सांगितलं. ती ताटं पुसत होती, पुसतच राहिली.

"आवाज कसा होता?"

"नेहमीसारखा."

"माझ्याशी नाही बोलत कधी." तिनं एकच ताट दुसऱ्यांदा पुसायला घेतलं. "तुम्हाला न्यायला बसलेत का, भाऊजी?"

"दादा तसा नव्हता गं."

"असताना नव्हते. आता कसे झालेत, ते कुणी बघितलंय?" मग पदराला हात पुसत म्हणाली, "उडू नका म्हणत नाही. घरात बसलात तर मलाच वेड लावाल. पण आता घ्याल ते आपला जीव बघून घ्या. मला अजून एक जण पोचवायचा नाहीये."

मिस्त्रीच्या शेडमध्ये विकाऊ विमानं उभी असत. त्यानं पाना पुसत विचारलं, "किती माणसं?"

"दोघं."

मिस्त्रीचा हात थांबला. "दुसरं कोण?"

"नाही... मी आणि डबा."

"डब्याला खुर्ची लागत नाही. लोक येतात, चार खुर्च्यांचं मागतात, आणि जन्मभर तीन खुर्च्यांना हवा दाखवत हिंडतात. अहो, चप्पल आणि विमान आपल्या मापाचं घ्यावं. किती लांब जायचंय?"

"सरोवरापलीकडं. उतरायला गवताचं मैदान."

"मग मोठं इंजिन कशाला? डासाला तोफ!"

पहिलं दाखवलं ते जुन्यासारखंच, शेजारीशेजारी. धाकटा आत बसला, उजवीकडं बघितलं आणि उतरला. दुसऱ्यात खुर्च्या एकामागं एक. एकटा असला की तोल राखायला माणसानं मागं बसायचं, पुढची खुर्ची रिकामी. हे त्यानं उडवून बघायचं ठरवलं. वर गेल्यावर दातावर दात दाबून बसला, चुकूनही बोलायचं नाही म्हणून. समोरचा दांडा त्याच्या दांड्याबरोबर हलत होता, कुणीतरी धरल्यासारखा. आणि त्यानं "घे" म्हटलेलं नसताना समोरून आलं, "घेतलं."

दोन्ही हातांनी दांडा आवळून तो खाली आला, तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

"आवडलं?" मिस्त्री म्हणाला. "यातलंच दुसरं आहे, त्यात एकटा माणूस पुढं बसतो. मागची रिकामी."

धाकट्यानं मानेवरून हात फिरवला. "पाठीशी? नको रे बाबा."

"मग एकच उरलं. ते कोपऱ्यातलं. एक खुर्ची. मित्राला फिरवता येत नाही, बायकोपुढं मिरवता येत नाही. एकलकोंड्याचं विमान, कुणी हात लावत नाही त्याला."

धाकटा आत बसला. दोन्ही खांदे पत्र्याला टेकले. उजवीकडं हात नेला, तर बोटांना गार पत्रा लागला. त्याच्या मापाला, त्याच्या वाटेला, त्या गवताला अगदी बेतून केल्यासारखं होतं ते. तरी त्याच्या तोंडातून "घेतो" निघेना. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "ते घेतलं, तर दादा बसणार कुठं?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेडमध्ये आली. विमानाभोवती फिरली, आत वाकून बघितलं.

"इथं खरंच जागा नाही?"

"नाही."

"मागं?"

"डबा जेमतेम मावतो."

"मग हेच घ्या." जाता जाता म्हणाली, "घरात फळीवर एक तोंड आहे, तेवढं पुरे."

रविवारी तो डबा मागं ठेवून निघाला. सरोवराच्या मध्यावर आला आणि हात आपोआप थर्मासकडं गेला. तोंडातून सवयीनं निघालं, "घे."

इंजिनाची घरघर. पत्र्याची बारीक थरथर. खाली पाणी. त्यानं कान देऊन वाट बघितली, मान अवघडेपर्यंत. मग परत म्हणाला, जरा मोठ्यानं, "दादा, घे ना."

कुणी काही म्हणालं नाही.

ऐकल्याशिवाय बोट सोडायचं नाही. त्यानं सोडलं नाही. जाताना नाही, येताना नाही. चहा तसाच राहिला, आणि खाली उतरल्यावर त्याला आपलीच बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

वहिनी गवताच्या कडेला उभी होती.

"बोलले?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून रडायला लागली.

संध्याकाळी त्यानं दादाचं तोंड भिंतीकडं वळवलं. सकाळी ते भिंतीकडंच होतं. हातात मेणाचा तुकडा मऊ होत राहिला, आणि धाकटा फळीपुढं नुसता उभा राहिला.