शहाबादी फरशीला लावलेला मॉनिटर आर्म

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, केंद्राचं शटर वर गेल्या गेल्या. त्या दिवशी तिला काही लागलं नाही. त्या दिवशी फक्त एका भेगेत पांढरं सिमेंट भरलं गेलं आणि तिला सांगितलं गेलं, "झालं की आता. बस कामाला." लागलं ते नंतर. लोक नंतरचाच दिवस धरून बोलतात, अपघात म्हणतात, आणि विषय संपवतात. म्हणून मी आधी करीचा दिवस सांगितला.

केंद्र म्हणजे जळकोटात हायवेच्या कडेचं ऑनलाइन कामांचं दुकान. सातबारा, पीक पाहणी, अनुदानाची केवायसी, पोरांचे दाखले. मालकांना सगळं गाव अप्पा म्हणतं, आम्हीही म्हणतो. वहिनी तिथं कॉम्प्युटरवर बसते. लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं की तुला काय येतं. ती स्वतः एसटीनं नळदुर्गला जाऊन टायपिंग शिकली आणि शेतातली खुरपणी सोडून त्या खुर्चीवर बसली. माझी आंदोलनाची पत्रकं तिनंच टाइप केलेली असतात. "वन्सं, तुमच्या एका पानात किती वेळा जाहीर निषेध असतो ओ?" असं विचारत करते, पण करते.

त्या खुर्चीनं तिची मान खाल्ली. स्क्रीनचा पाय आखूड, स्क्रीन काउंटरवर तसाच टेकलेला, आणि ती दिवसभर मान मोडून त्यात बघणार. संध्याकाळी घरी आल्यावर मागून हाक मारली तर तिची मान वळायची नाही, सगळं अंग वळवायला लागायचं. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. भाकरी थापताना बोटं बधिर व्हायची आणि भाकरी एका बाजूला जाड राहायची. नळदुर्गच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, नाहीतर हे काम सोडा. काम सोडायचं म्हणजे परत खुरपं. ते तिला नको होतं, आणि मलाही तिच्यासाठी नको होतं.

अप्पांना सांगितलं तर त्यांनी स्क्रीनखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. डब्यावर उंची आली, पण दुसरीच पंचाईत झाली. आमच्याकडं गिऱ्हाईक स्क्रीन बघितल्याशिवाय पैसे देत नाही. नावातला एक काना चुकला तर तहसीलातून कागद परत येतो, हे सगळ्यांनी भोगलेलं आहे. त्यामुळं प्रत्येकजण म्हणतो, "इकडं वळीव की जरा, बघू दे." डब्यावरचा स्क्रीन दिवसभर उचलून वळवायचा म्हणजे मानेचं दुखणं खांद्यात.

तेव्हा मी मॉनिटर आर्मचं काढलं, म्हणजे स्क्रीन हवेत धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताचं. फोनवर बघून बघून शिकले. स्क्रीनच्या पाठीमागं चार भोकं चौकोनात असतात, त्यांचं अंतर आर्मच्या पट्टीशी जुळावं लागतं. स्क्रीनचं वजन आर्मला पेलणारं हवं. एक प्रकार नुसत्या खांबाचा, त्यात उंची एकदा ठरवली की ठरली. दुसरा स्प्रिंगचा, कोपरातून वाकतो, बोटानं ढकलला तरी वर-खाली होतो, वळतो आणि सोडला तिथं थांबतो. वहिनीला दुसराच हवा होता. आणि तो टेबलाला धरायचा कसा, याचेही दोन मार्ग होते: कडेला चिमटा लावून खालून स्क्रू आवळायचा, किंवा टेबलाला भोक पाडून बोल्ट घालायचा.

अप्पा इतक्या लवकर हो म्हणाले की मलाच नवल वाटलं. ते मानेसाठी म्हणाले नव्हते.

"म्हणजे हा स्क्रीन हवेतच राहणार? खालची जागा मोकळी?"

"व्हय, अप्पा."

"मग तिथं लॅमिनेशनचं मशीन बसंल की!"

खोकं आलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. अप्पा ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना घेऊनच उभे होते. स्प्रिंग किती ताणायची ते आधी लावून घ्यायला लागतं, हे सांगेपर्यंत त्यांनी बांधलेली दोरी तोडली आणि रिकामा आर्म खाडकन वर उडाला. अप्पांची टोपी मागच्या झेरॉक्सवर जाऊन पडली. वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाली, "अप्पा, त्यानं आधी तुमालाच रामराम घातला." अप्पाही हसले. तो दिवस तसा चांगला होता, हे मला लिहायला पाहिजे.

पण काउंटर लाकडाचा नव्हता.

आमच्या भागात काउंटर म्हणजे दोन बाजूंना विटांचे खांब आणि वर शहाबादी फरशी. स्वयंपाकाचा ओटा तीच, घागरी ठेवायची फळी तीच, दुकानाबाहेर बसायचा बाकही तीच. तिच्यावर माणसं बसतात, पोती पडतात, कपडे आपटले जातात. माणसावर संशय घेतील, फरशीवर कुणी घेत नाही. पण त्या सगळ्या वेळी वजन वरून सपाट बसतं. आर्मचा चिमटा फरशीची कड दातात धरतो आणि पुढं लांबलेला स्क्रीन त्याला पहारीसारखा उचकटत राहतो. आणि शहाबादी फरशी थराथरांची असते, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी सुटते.

खोक्यातल्या कागदावर चित्रं होती. लाकडी टेबलापुढं बरोबरची खूण. काचेच्या टेबलावर फुली. दगडाचं चित्रच नव्हतं. तो कागद काढणाऱ्यांनी जळकोटचा काउंटर बघितलेला नसणार.

मी म्हणाले, "अप्पा, ह्याला लाकूड लागतं. एक लाकडी टेबल घ्या, न्हायतर निदान वर-खाली जाड फळी तरी घाला."

अप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. "ही फुली कशावर हाय?"

"काचेवर."

"दगडावर फुली कुठंय? दाखीव मला."

"दगडाचं चित्रच न्हाय त्यात."

"मग चालतंय की! चालत नसतं तर फुली मारली असती त्यांनी. लाकडाला चालतंय अन् दगडाला चालत न्हाय व्हय? तू बी काय पोरी!"

बसलेली गिऱ्हाइकं हसली. अप्पांनी चिमटा नागड्या फरशीला लावला आणि हातानं आवळायचा स्क्रू पान्यानं आवळला. एक बारीक आवाज झाला, ज्वारीचा दाणा दाढेखाली फुटावा एवढा. "बसला," अप्पा म्हणाले.

पहिले काही आठवडे वहिनीची मान खरंच सुधारली. ती ताठ बसायला लागली. हाक मारली की मान वळवून "ओ" द्यायला लागली. भाकरी गोल झाली. एका बोटानं स्क्रीन गिऱ्हाइकाकडं वळवायची आणि म्हणायची, "बघा, काका, तुमचं नाव. आता तरी पटलं का, तुमी तुमीच हाव?"

मग ती एकदा मला म्हणाली, "वन्सं, तो आवाज करायलाय."

"आर्म?"

"आर्म न्हाय. फरशी."

स्क्रीन पूर्ण पुढं ओढला की तो आवाज यायचा. रोज नाही. एकदा आला की पुढं दिवसभर यायचा नाही, आणि तिला वाटायचं की आपल्याला भास झाला. संध्याकाळी ती पदर झटकायची तर त्यातून करडी भुकटी पडायची. एकदा काउंटरवर चहा सांडला. तिनं पुसला, फरशी वाळली, पण चिमट्यापासून निघालेली केसाएवढी एक रेघ ओलीच राहिली. ती रेघ विटांच्या खांबाकडं चालली होती. तिनं नख फिरवून बघितलं. नख अडकलं.

अप्पांना तिनं सांगितलं. ते म्हणाले, "दगडाला रेघा असतातच." पुन्हा सांगितलं. म्हणाले, "अनुदानाची गर्दी हाय, ती जाऊ दे." मी गेले, फळीचं परत काढलं, लाकडी टेबलाचं काढलं. म्हणाले, "तुझं पत्रक हितं नको." तिनं तिसऱ्यांदा सांगितलं ते पोळ्याच्या दिवशी, बैल बघायला आलेल्या अप्पांना आमच्या दारात, आणि मोठ्यानं सांगितलं, शेजारी ऐकतील असं. अप्पांच्या कपाळाची शीर उठली, पण सणाचं म्हणून ते बैलाच्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटीत पांढरं सिमेंट कालवलं आणि स्वतःच्या बोटानं भेगेत भरलं. चिमटा तसाच. आर्म तसाच. पहिलं गिऱ्हाईक ओरडलं, "अप्पा, फरशीच्या कपाळाला बी इबूत लावली व्हय!" सगळं दुकान हसलं. त्या हसण्यात वहिनीला खुर्चीवर बसायला सांगितलं गेलं आणि ती बसली. न बसून काय करणार होती? भेग आता दिसत नव्हती. दिसत नाही त्याची तक्रार कशी करायची? मी ह्याला अन्याय म्हणते. दगड फुटला ते दगडाचं. ती सांगत होती आणि तिचं सांगणं बुजवलं, ते माणसाचं.

त्यानंतर ती आवाजाबद्दल बोलायची बंद झाली. मी विचारलं तर म्हणायची, "असू द्या, वन्सं." पण घरी भांडं पडलं तरी दचकायची. गुडघे काउंटरखाली न घालता तिरकी बसायची, म्हणून कंबर धरली. मान बरी झालेली बाई कंबर धरून घरी यायची.

घटस्थापनेच्या आधी ती फरशी गेली. भर दुपारी, एक म्हातारे काका केवायसी करत होते. त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता, म्हणून आधी नाव तरी बरोबर आहे का बघू म्हणाले आणि दोन्ही कोपरं टेकून पुढं वाकले. वहिनीनं स्क्रीन त्यांच्याकडं पूर्ण ओढला. काका मला नंतर म्हणाले, की मोठा आवाज झालाच नाही, टेकायला फरशी होती आणि मग नव्हती.

कडेचा तुकडा चिमट्यासकट खाली आला. वहिनीला उठून मागं होता आलं असतं. तिनं स्क्रीन धरला. स्क्रीन फुटला तर त्याची भरपाई आपल्या अंगावर येणार, हे कुठल्याही दुकानात काम करणाऱ्या बाईला शिकवायला लागत नाही. स्क्रीन वाचला. फरशीचा तुकडा आणि खुर्चीचा लोखंडी हात यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला.

काका ओरडत होते, "पोरी, हात काढ, हात काढ." आतून अप्पा धावत आले आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "स्क्रीन फुटला का?"

दुसरं वाक्य ते चांगलं बोलले असतील. गाडीही त्यांनीच काढली, सोलापूरच्या दवाखान्यात तेच घेऊन गेले, रात्रभर बाहेर बाकावर बसले. हे मी लपवत नाही. पण पहिलं वाक्य तिनं ऐकलेलं आहे.

उजव्या हाताचं मधलं बोट आता वाकत नाही. शेजारचं अर्धं वाकतं. ती परत त्याच केंद्रात बसते, डाव्या हातानं टाइप करते, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, "आटप की, बाई." अप्पांनी नवी फरशी आणली आहे, आधीपेक्षा जाड. आर्म काढून माळ्यावर टाकला. स्क्रीन पुन्हा काउंटरवर टेकलेला आहे आणि वहिनीची मान पुन्हा मोडलेली. गावाला विचारलं तर गाव सांगतं, त्या वन्संच्या हट्टापायी झालं, नसता शहरी थाट.

हट्ट माझाच होता. आजही आहे. आर्म चांगला आहे, लाकडी टेबल द्या आणि लावा. दगडाला लावू नका, आणि लावलेला असेल तर बुजवू नका.

कारण तो आता एकट्या जळकोटात नाही. आर्म लावला की काउंटर मोकळा होतो, ही बातमी मालकांमध्ये आमच्या पत्रकापेक्षा लवकर पसरते. परवा कामासाठी माकणीला गेले होते. तिथल्या एका केंद्रात तशीच फरशी, तसाच चिमटा, फळी नाही. बसलेल्या बाईनं खुर्ची कडेपासून लांब ओढून घेतली होती आणि हात ताणून टाइप करत होती. मी विचारलं, "एवढं लांबून का करता, ताई?" तिनं आतल्या खोलीकडं एकदा बघितलं.

"असंच," ती म्हणाली.

तुम्ही कधीतरी अशाच काउंटरसमोर उभे राहणार आहात. तुमचंही नाव तपासायचं असणार आणि तुम्हीही म्हणणार, इकडं वळवा जरा. त्याआधी खाली वाका. चिमटा दगडाला धरलेला दिसला तर कोपर टेकू नका, कागद पुढं करू नका. मालकाला बाहेर बोलवा. खुर्चीवरच्या बाईला त्याच्यासमोर विचारा, की आवाज येतो का. ती काय सांगते ते ऐका, आणि तो आर्म खाली उतरेपर्यंत तिथून हलू नका.