अण्णा, बारीक तार ओढा!

आता कोणत्या तोंडानं सांगू! पण चहा मागवलाच आहे तुम्ही, तर ऐका.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, कुंभार पिंपळगावात. मी जुन्या जालन्यात बिऱ्हाड करून. त्या दिवशी पुण्यात ताईच्या लेकीचा पहिला वाढदिवस. संध्याकाळी नात केक कापणार आणि अण्णा ते कॉम्प्युटरवर बघणार! सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आणि दुपारी नेट गेलं!

आई घनसावंगीला लग्नाला गेल्ती. घरात अण्णा एकटे. त्यांनी लँडलाईनवरून मला फोन लावला.

"अरे, नेटच्या डब्यावरचा एक दिवा नुसता लुकलुक करून राह्यला."

"घाबरू नका," मी एकदम साहेबी थाटात. "मी सांगतो तसं करा. डब्याचं बटण बंद करा."

"केलं."

"आता भिंतीतून तार आलीय ना, ती काढा."

"जाडी का बारीक?"

"बारीक! ओढा जोरात!"

खट्ट! आणि सगळं शांत.

"अण्णा? अहो अण्णा!"

परत फोन लावला. रिंग वाजून राह्यली, उचलायला कुणी न्हाई! तुम्हीच सांगा, माणूस काय समजंल? अण्णांना शॉक बसला, आणि तो मी बसवला!

अण्णांच्या शेजारच्या नामदेवकाकांचा मोबाईल बंद. मंग काय, पळालो स्टँडवर. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बायकोची! अख्खी जीप ठरवली.

"वडलांचं काही खरं न्हाई, जल्दी चला!"

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं खड्डा बघितला न्हाई का गतिरोधक. मी वाटभर डोळे पुसून राह्यलो. मला सायकल शिकवताना ज्यानं मागं पळत अख्खं गाव पालथं घातलं, त्या माणसाला मी एका तारेपायी...

घरी पोचलो. दार उघडंच. आत बघतो तर अण्णा खुर्चीत, एका हातात टेलिफोनची तार, दुसऱ्या हातानं रिसीव्हर कानाला!

"अण्णा! बरे आहात ना?"

"मला काय धाड भरली? तूच कुठं गेल्तास बोलता बोलता? आता पुढं काय करायचं, म्हणून वाट बघून राह्यलो!"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी ज्या तारेतून बोलत होतो, तीच तार मी त्यांना उपटायला लावली होती!

तार लावली, बटण दाबलं, दिवे बराबर लागले. संध्याकाळी नातीनं केक कापला, तर अण्णांनी स्क्रीनवरच तिला घास भरवायला हात पुढं केला. तो हात अजून दिसतो मला. आता अण्णा न्हाईत, ती तारही न्हाई.

अहो, उठता कुठं? खरी फजिती सांगायची राहिलीच की!

ड्रायव्हरला मी चहाला थांबवलं होतं. सगळा प्रकार ऐकून तो बशी खाली ठेवत म्हणाला, "साहेब, तुम्ही जालन्यात करता काय?"

'बियाणं विकतो' अशी थाप मारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा छाती फुगवून म्हणाले,

"अहो, मोठा कॉम्प्युटर क्लास आहे त्याचा! अर्ध्या जालन्याला इंटरनेट ह्यानंच शिकवलंय!"