आधी उलटून दाखव

माझी नोकरी वाचवली ती आमच्या गाळ्याशेजारच्या शिवणवाल्या खालांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटायचं नाही. जगातली कुठलीही वस्तू पुढून बघण्याच्या लायकीची नसते, अशी खालांची पक्की समजूत. भिंगारच्या जुन्या बाजारात सगळा जन्म फौजी वर्द्या शिवण्यात गेला, त्यातून जडलेली ही सवय. वांगं घेतलं तर देठाकडून बघायच्या, पेपर मागच्या पानापासून वाचायच्या आणि भेटायला आलेल्या माणसाची ख्यालीखुशाली विचारता विचारता त्याची कॉलर उलटून, ही शिलाई कुणी मारली म्हणून चौकशी करायच्या. सख्ख्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीचं अस्तर उलटून पाहिलं. आतली शिवण कच्ची निघाली. मग काय, निकाहची वेळ टळून गेली तरी तो बिचारा बनियनवर बसलेला, काझीसाहेब घड्याळाकडे बघताहेत आणि खाला तोंडात दोरा धरून शांतपणे टाके घालताहेत. शिवलेल्या खिशाची परीक्षा तर त्या रवा भरून घ्यायच्या. काळ्या कापडावर खिसा झटकायचा. एक कण खाली पडला तरी सगळी शिवण उसवायची. त्यांच्याकडून कपडा ठरल्या दिवशी मिळाला असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी सावंतवाडीकडचा. नववीत शाळा सुटली, मामाकडे गणपतीची माती मळली, मोबाईलवर बघून बघून कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला शिकलो आणि इतक्या लांब येऊन देवांचे पितळी मुखवटे करणाऱ्या कारखान्यात लागलो. मुलगा नगरला इंजिनियर आहे असं आईने गावभर सांगून ठेवलंय. मी ते खोडून काढलेलं नाही. काम असं की मुखवटा कॉम्प्युटरवर घडवायचा, मशीन तो थरावर थर देत रेझिनमध्ये छापतं आणि त्यावरून पितळ ओततात. पारनेरकडच्या एका गावच्या देवीचा मुखवटा माझ्याकडे आला आणि माझे दिवस फिरले. पहिल्या छपाईत देवीच्या गालाला भोक पडलं. दुसऱ्या वेळी नाकाचा शेंडा पापुद्र्यासारखा हातात आला. सॉफ्टवेअर इंग्रजीत, लाल अक्षरांत काहीतरी सांगत असे, पण मला ते वाचता येत नसल्यामुळे मी दर वेळी ओके दाबत असे. मालक शांतपणे म्हणाले की तिसरा बिघडला तर तू गावी जा, मी पुण्याहून माणूस आणतो.

अशा वेळी खाला रोज दुपारी आमच्या पंख्याखाली येऊन बसत. मी घाम पुसत देवीचा गाल दुरुस्त करतोय आणि मागून हुकूम, की मागून दाखव. मागून दाखवला की, आतून दाखव. आतून दाखवला की, आता परत मागून. माऊस फिरवून फिरवून मला घेरी यायची. शेवटी मी वैतागून म्हणालो, "खाला, हे कापड नाही. हा कॉम्प्युटर आहे."

"कापड न्हाई तर इतकं पातळ कशापायी हाय?"

कॉम्प्युटरमधली मूर्ती भरीव नसतेच. बारीक बारीक त्रिकोणांची जाळी असते नुसती, आणि त्या प्रत्येक त्रिकोणाला एक सुलट बाजू असते, एक उलट. एवढं मी समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, यातली उलट कुठली? मी म्हणालो, दोन्हीकडून सारखंच दिसतं.

"दोनी बाजूंनी सारखं दिसनारं कापड मी जल्मात बघितलं न्हाई, कोकन्या. तू कायतरी झाकलंयस."

झाकलं होतंच. सुरुवातीला देवीच्या गालावर काळे डाग दिसायला लागले, तेव्हा मी घाबरून दोन्ही बाजू सुलट दाखवणारं बटण दाबलं होतं. डाग गेले, माझ्या जिवाला बरं वाटलं आणि ते बटण मी पुन्हा सोडलंच नाही. आता सोडलं. अर्धा गाल कोळशासारखा काळा, म्हणजे तिथली जाळी सगळी उलटी, गालाला भोक पडलं ते त्यामुळेच, आणि कानामागे बोटभर उसवलेलं. खालांनी समाधानाने मान हलवली, जणू त्यांना हेच बघायचं होतं. मग नाक. मुखवट्याला जाडी यावी म्हणून मी बाहेरच्याच चेहऱ्याची नक्कल करून आत सरकवली होती. ती नाकाशी आणि नथीशी बाहेरच्या पदरातून आरपार आलेली. खालांनी स्क्रीनला नाक लावून ते पाहिलं.

"अस्तराला नथ कशाला घातली रं?"

आणि मग कॉलरवर एक व्याख्यान झालं: आतला पदर नेहमी एक सूत लहान कापायचा, बरोबरीचा कापला की बाहेर डोकावतो. मी आतली नथ काढली, आतलं नाक घासून बोथट केलं, उलटे त्रिकोण सुलटे केले, कानामागची फट सांधली. यात तीन दुपारी गेल्या, कारण प्रत्येक सांध्याला त्या मला मागून, आतून आणि परत मागून फिरवत होत्या.

तिसरा मुखवटा अखंड निघाला. मालक तो हातात घेणार तोच खाला वाटीभर रवा घेऊन हजर. मुखवटा पालथा धरून आतल्या पोकळीत रवा भरला, काळ्या कापडावर झटकला. एक कण पडला नाही. त्यांनी बोट फिरवलं आणि निकाल दिला, "कानामागं जरा जाड हाय."

मालकांनी चूक काय होती ते विचारलं. मी बटणाचं सांगितलं आणि लाल अक्षरं वाचता येत नाहीत हेही सांगितलं. ते म्हणाले, "लाल दिसलं की मला हाक मारत जा." गावी जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

खालांना आता दिसत नाही फारसं. शिलाई मशीन विकून त्या मुलीकडे श्रीरामपूरला गेल्या. आमच्या पंख्याखालची खुर्ची रिकामी असते, आणि मी मात्र न सांगताही प्रत्येक मुखवटा आधी मागून बघतो. जाताना त्यांच्या बोटातलं पितळी अंगुस्तान पाहिलं होतं, सुईने टोचून टोचून टोकाला आरपार भोक पडलेलं. तसलं एक मी कॉम्प्युटरवर घडवतोय. दोनदा बिघडलंय. पण एक दिवस ते पितळेत ओतून श्रीरामपूरला घेऊन जाणार आहे. त्या शिवत नाहीत आता, बोटात घालणारही नाहीत. उलटं धरतील आणि डोळ्यांना दिसलं नाही तर करंगळी आत घालून चाचपतील. खुशाल चाचपू देत. बाहेरून कसंही होवो, आतून मी ते चांगलं करणार आहे.