एरंडाच्या पानाचा वास
शेकलेल्या एरंडाच्या पानाचा वास आला, की मला जळगावच्या वसतिगृहातली टीव्हीची खोली आठवते. लंडनला गवतावरच्या टेनिसची उपान्त्य फेरी चालू होती, एक वयस्कर खेळाडू गुडघ्याला पट्टी बांधून उतरला होता, आणि हातात कधी रॅकेटही न धरलेले आम्ही छातीठोकपणे निकाल सांगत होतो. "म्हाताऱ्याचा गुडघा गेलाय. गवतावर एकदा घसरला की संपला," एक जण म्हणाला. "गुडघा बांधूनही खेळतात लोक!" शिरपूरकडचा माझा खोलीसोबती एकदम चिडला. "भाऊ, तुना सोयरा शे का तो?" कुणीतरी अहिराणीत विचारलं, जणू तो खेळाडू त्याचा नातेवाईकच, आणि सगळे हसले. तो हसला नाही. त्याच आठवड्यात त्याला पोलीस भरतीसाठी धावायचं होतं, आणि वयात बसणारी ही शेवटची भरती होती. तेवढ्यात मला तो वास आला. त्याच्या हाफपॅन्टच्या काठाखालून, दुखऱ्या गुडघ्यावर शेकून बांधलेल्या एरंडाच्या पानाचं टोक दिसत होतं. त्याने ते आत ढकललं आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. तिसऱ्या सेटमध्ये त्या म्हाताऱ्या खेळाडूने सामना सोडला. भरतीच्या सकाळी आम्ही सगळे मैदानाच्या तारेबाहेर उभे होतो. पहिल्याच वळणावर तो लंगडायला लागला, तेव्हा कुणीच अंदाज सांगितला नाही. आताही मी ती स्पर्धा बघतो, पण गुडघ्याला पट्टी बांधलेला खेळाडू उतरला, की टीव्हीचा आवाज बंद करतो.