जप्त केलेला वाघोबा

ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि आठवली की माझं मलाच हसू येतं. नोकरीतला पहिला मोठा पराक्रम म्हणून मी एक देव जप्त केला होता. रीतसर, दोन पंचांच्या सह्या घेऊन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवी फौजदार. कडक इस्त्रीची आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश. ठाणं चाकणच्या रस्त्याला. महाळुंग्याच्या बाजूला तेव्हा पहिलेवहिले कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाला शेड वाढवायला डोंगराची उतरण हवी होती. त्या उतरणीवर ठाकरांची वाडी होती, पण सरकारी दप्तरात लिहिलेलं, 'पडीक, वहिवाट नाही'. ठाकरांकडे एक चिटोरा नव्हता. मामलेदारांपुढे चौकशी लागली होती. तीत वहिवाट शाबीत झाली नाही, तर वाडी उठणार होती. त्यातच मोजणीवाले तासलेले दगड रोवून गेले की आठ दिवसांत ते गायब. तशी फिर्याद आली आणि तपास माझ्याकडे.

खबर नाक्यावरच्या चहावाल्याने दिली. "दर गुरवारी कंपनीची माणसं सायकलीवर पोत्याखाली कायतरी झाकून डोंगराकडं नेत्यात, बाईसाहेब." गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुटी. झालं! माझ्या डोक्यात पहारी, सुरुंग आणि मोठा कट तयार झाला. बढतीसुद्धा.

गुरुवारी गाठलं त्यांना. पोती उचलली, तर खाली दुधाचे कॅन आणि कॅनमध्ये साधं पाणी. कारखान्याचं पाणी सुटायला लागल्यापासून वाडीखालचा ओढा तांबूस, फेसाळ वाहत होता. गुरंही तोंड लावत नव्हती. आणि त्याच कारखान्यातली माणसं सुटीच्या दिवशी पिंपरीहून सायकली हाणत येऊन, गावच्या विहिरीवर कॅन भरून वाडीला पाणी पोचवत होती.

मी खजील व्हायला हवं होतं. पण तेवढी अक्कल कुठली? मी वाडीत शिरले.

डोंगरावर धुकं उतरलं होतं. चुलींचा धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. नाचणीची कणसं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, कुडाच्या भिंती, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू हलत होतं. माझे बूटही वाजेनात. वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर म्हातारीपुढे मी चौकशीला बसले. तिने चुलीवर काळ्या चहाचं आधण ठेवलं.

"मोजणीचे दगड कुठे आहेत, आजी?"

"कुनास ठावं. डोंगरच दगडाचा हाय. पायजेल तेवढं ने."

"खोटं बोललीस तर आत टाकीन."

"टाक की. आदी चहा पी, निवतोय."

चहा पीत मी इकडेतिकडे नजर फिरवली आणि ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला. मोजणीच्या दगडाएवढाच! चोरलेला दगड देव करून लपवलाय, हे आपल्यालाच कळलं म्हणून मी काय फुशारले! तिथेच पंचनामा लिहायला घेतला. माझं अक्षर मोत्यासारखं आणि तपशिलाची हौस दांडगी. झाड किती जुनं, घरं किती, तीन बाजूंना नाचणी, सारवलेलं खळं, म्हातारीची पेटती चूल, सगळं टिपलं.

म्हातारी अडवायला आली नाही. एवढंच म्हणाली, "आमचा वाघोबा हाय. मांडीवर घिऊन जा. गाडीत आपटू नगं."

मी खरंच मांडीवर घेऊन गेले. का, ते आजही सांगता येत नाही. धुक्यातून जीप तरंगत होती आणि मांडी हळूहळू ऊबदार होत होती.

मुद्देमालाच्या खोलीत दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर हवालदार खोलीबाहेर चपला काढतोय.

"अहो, तो मुद्देमाल आहे!"

"असू द्या, बाईसाहेब. आपलं काय जातंय?"

त्यालाच शेंदूर खरवडायला लावला. खाली मोजणीची खूण निघणार, ही माझी खात्री. शेंदराखाली शेंदूर निघाला, त्याच्याखाली तेलाने काळा पडलेला शेंदूर, पुन्हा शेंदूर. बोटभर खोल गेलं तरी दगड लागेना. आठ दिवसांत कोणाला इतकी वर्षं फासता येत नाहीत. हवालदाराने थांबून माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. तेही कागदावर लिहिलं. फिर्याद पुढे पुराव्याअभावी निकाली निघाली.

पुढच्या गुरुवारी वाडी ठाण्यात आली, मागे सायकलींची रांग. पाणी आणणाऱ्या त्या कामगारांतला एक फिटर पुढे झाला.

"मॅडम, आम्ही बौद्ध. दगडापुढे हात जोडत नाही. पण हा दगड म्हणजे यांचा सातबारा आहे. तो परत द्या. आणि तुमच्या पंचनाम्याची नक्कल मिळेल का?"

नक्कल कशाला, हे माझ्या ध्यानात आलं ते मामलेदारांपुढच्या चौकशीच्या दिवशी. कारखान्याकडचे म्हणाले, तिथे कोणी राहतच नव्हतं. फिटरने कागद पुढे केला. मामलेदारांनी माझंच लिखाण मोठ्याने वाचलं: खळं, नाचणी, चूल, बोटभर जाडीचे शेंदराचे थर. मग मला विचारलं, "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?" कारखान्याचे साहेब माझ्याकडे रोखून बघत होते. मी म्हटलं, "हो. प्रत्येक ओळ." वहिवाट मान्य झाली. वाडी राहिली. ओढा मात्र लगेच निवळला नाही. सायकली पुढेही कितीतरी गुरुवार येत राहिल्या.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. तपासाला जाताना चोर मनात ठरवून गेलं, की समोरचं दिसत नाही. पण दिसेल ते इमानाने लिहावं. आपण गाढव असलो, तरी कागद शहाणा निघू शकतो.

वाघोबाला परत पोचवायला मीच गेले, मांडीवर घेऊनच. म्हातारीने त्याला जागेवर बसवलं, चुलीवर आधण ठेवलं, आणि सरकारी हिशेबात कधीच न सापडलेल्या दगडांविषयी आपणहून म्हणाली,

"तुज्या सरकारचं दगड आमी चोरलं न्हाईत गं बाई, कामाला लावलं. त्या दिशी तू चहा प्यालीस ना, त्यो त्येंच्यावरच उकळला व्हता."